मानाच्या गाडीचं मेण

“…म्हणजे दर रविवारी लावतो, ते जास्त होतं म्हणता? की कमी पडतं?”

बाबांनी तांदळातला खडा काढला. नखावर धरून उन्हात बघितला. टाकून दिला.

“काय लावतोस?”

“वॅक्स, बाबा. गाडीला.”

“मेण म्हण की.”

“मेण.”

“दर रविवारी?”

“गाडी घेतल्यापासनं एक रविवार चुकला नाही.”

दौलतरावांची बायको, मालनताई, माझ्याजवळ बसून शेंगा सोलत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “माझे वडील वारले तेव्हा एक चुकला. तो सोमवारी भरून काढला.”

बाबा हसले नाहीत. मी हसले.

चाफोलीच्या डोंगराला मधोमध गिरीबाबांचा मठ आहे. मठ म्हणजे काय, पत्र्याची एक खोली, एक धुनी आणि पुढं अंगण. तिथं भाकऱ्या थापायचं काम माझ्याकडं. मला सगळे आक्का म्हणतात. बाबा जे बोलतात ते ऐकायला लांबून माणसं येतात, आणि मला ते चुलीपुढं बसून फुकटात मिळतं. बाबा बोलतात मात्र थोडं. उरलेलं मी बोलते.

बाबा गोसावी व्हायच्या आधी ट्रक चालवायचे, असं गाव म्हणतं. विचारलं तर ते म्हणतात, “चालवत असेल कुणीतरी.” म्हणून गाडीचा प्रश्न घेऊन दौलतराव शेडगे त्यांच्याकडं आले होते. खरं सांगू? त्यांना प्रश्न विचारायचाच नव्हता. त्यांना शाबासकी पाहिजे होती. माणूस कऱ्हाडात दुकान चालवून मोठा झालेला, बोलायला गोड, पण आपली गाडी म्हटलं की गडी हवेत.

गाडी अंगणाबाहेर उभी होती. जुन्या पद्धतीची, गोल पाठीची, काळीकुळकुळीत. तिच्यात बघून मी माझं कुंकू नीट करून घेतलं होतं. दौलतरावांनी ते बघितलं आणि बोट लागेल म्हणून जवळ येऊन उभे राहिले!

“आधी धुतो,” ते बाबांना सांगत होते. “मग टिपून घेतो, सावलीत उभी करतो. उन्हात कधीच लावत नाही. मऊ फडक्यानं गोल गोल लावायचं, वाळलं की पुसायचं…”

“पाणी टाकून बघतोस?”

“कशावर?”

“गाडीवर. थेंब गोळा होऊन पळाला, तर मेण आहे अजून. पसरून बसला, तर लाव. वर्षातनं तीनचारदा लागेल. रविवारचं काय आहे त्यात?”

दौलतरावांचा चेहरा उतरला.

“एवढंच?”

“एवढंच.”

“म्हणजे बाकीचं सगळं…”

“वाया. मेणावर मेण बसत नाही.”

मालनताईंनी शेंग फोडली. जरा जोरातच फोडली.

पण दौलतराव काही तेवढ्यासाठी आले नव्हते. ते उगीच इकडंतिकडं बघत राहिले. घसा खाकरला. मग म्हणाले, “बाबा, जत्रा आली.”

“आली.”

“यंदा पाळी आमची आहे.”

“ठाऊक आहे.”

आता हे पाळीचं सांगायला पाहिजे. डोंगराच्या माथ्यावर डोंगराईचं देऊळ. चैत्रात जत्रेला देवीचा मुखवटा वाजतगाजत खाली झऱ्यावर आंघोळीला जातो आणि दिवेलागणीच्या आत परत वर येतो. तो ज्या गाडीतनं जातो ती मानाची गाडी. दर वर्षी एका घराची. गावात घरं काय कमी आहेत? एकदा पाळी होऊन गेली की परत यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. शेडग्यांची मागची पाळी दौलतरावांच्या वडलांनी बैलगाडीनं केली होती. तेव्हा दौलतराव चड्डीत होते.

आणि नेम कडक आहेत. एकदा मुखवटा गाडीत बसला की देवळाच्या पायरीपर्यंत उतरवायचा नाही. गाडी अडली तर दोर लावायचा नाही, ट्रॅक्टर लावायचा नाही. देवीला हात चालतो, दोर चालत नाही. आणि देवळात दिवा लागायच्या आत मुखवटा जागेवर बसला नाही, तर त्या घराची पाळी चुकली. मग बसा परत रांगेच्या शेवटाला.

“बाबा,” दौलतराव म्हणाले, “पुढची पाळी येईल तेव्हा मी नसेन. ही एवढी एकच आहे माझ्या हातात. नीट झाली पाहिजे.”

ते बोलताना त्यांचा आवाज खरंच हलला. मला तेव्हा त्यांचं वाईट वाटलं.

“होईल,” बाबा म्हणाले.

“म्हणून एक मागणं आहे.”

“माग.”

“लोक गाडीला हात लावतात…”

“लावतात.”

“हळदीचे हात. सगळा गाव. बांगड्या, कडी, अंगठ्या, सगळं घासत जातं. गेल्या वर्षीच्या त्या जीपचं काय झालं बघितलंत ना तुम्ही? ओरखडेच ओरखडे.”

“बघितलं.”

“तुमचा शब्द गाव मोडत नाही. यंदा एवढं सांगा की, हळद लांबनं उधळा. गाडीला हात नको.”

…

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मला वाटलं, आता बाबा धुनीतला चिमटा उचलून हाणतात. देवीच्या गाडीला हात लावायचा नाही? अहो, वर्षभर वाट बघतात बायाबापड्या! ज्यांना माथ्यापर्यंत चढवत नाही, त्या म्हाताऱ्या वाटेत येऊन उभ्या राहतात. देवीला शिवता येत नाही, निदान तिच्या गाडीला तरी हात लागावा म्हणून.

बाबांनी अजून एक खडा काढला.

“देवी बसलेली चालेल?”

“म्हणजे काय बाबा! तिच्यासाठीच तर एवढी…”

“माणसं नकोत.”

“माणसं नकोत असं नाही. हात नकोत.”

“बरं,” बाबा म्हणाले.

“बरं म्हणजे… सांगाल?”

“सांगतो.”

दौलतराव पाया पडले. तरातरा बाहेर गेले. खिशातनं फडकं काढून, मी जिथं बघून कुंकू नीट केलं होतं तेवढी जागा पुसली. मालनताई मागच्या सीटवर बसल्या. सीटवर आधी चादर अंथरलेली होती. गाडी गेली.

मी काय गप्प बसणार होते? “बाबा, हे काय केलंत?”

“त्यानं मागितलं.”

“मागितलं म्हणून द्यायचं? उद्या कुणी म्हणेल, देवी नको, नुसती गाडी फिरवतो!”

“आक्का.”

“काय?”

“तांदूळ झाले निवडून. घे.”

झालं. मी तांदूळ घेऊन चुलीपुढं बसले.

जत्रेच्या दिवशी बाबांनी देवळापुढं उभं राहून सांगितलं. “यंदा गाडीला कुणी हात लावायचा नाही. हळद लांबनं.” कारण सांगितलं नाही. गाव हूं की चूं करीना. पण बायकांची तोंडं बघायला पाहिजे होती. एक म्हातारी नातवाला म्हणाली, “मग मला आणलंस कशाला रं उचलून?”

धोंडू गुरवानं मुखवटा मांडीवर घेतला आणि मागं बसला. दौलतराव फेटा बांधून स्टिअरिंगवर. मालनताईंना पुढं बस म्हणाले, पण त्या म्हणाल्या, “मी चालते बायकांबरोबर.” नवऱ्याकडं बघितलं नाही त्यांनी.

गाडी निघाली. काय दिसत होती म्हणून सांगू! आदल्या दिवशी परत मेण चढवलं होतं, बाबांनी नको सांगूनसुद्धा. डोंगर, आभाळ, आम्ही सगळे तिच्यात दिसत होतो. ढोल वाजत होते, पण ढोलवाले पण दहा पावलं लांब. हळद उडायची ती वाऱ्यावर जायची, अर्धी आमच्याच डोळ्यांत. गाडी मधनं एकटीच चाललेली. लग्नात रुसलेला नवरदेव जसा एकटाच बसतो, तशी.

“चांगभलं” म्हणायला कुणाचा आवाज लागेना. दर वर्षी खाली जाईपर्यंत घसे बसतात. यंदा सगळे कुणाच्या तरी मयताला निघाल्यागत.

मी दौलतरावांकडं बघितलं. काच वर केलेली. आतनं ते हसत होते, हात जोडत होते. पण कुणी जवळ नाही म्हटल्यावर हात जोडायचे कुणाला? हळूहळू तेही हसायचे थांबले.

झऱ्यावर आंघोळ झाली. आरती झाली. मुखवटा परत गाडीत बसला. ऊन कललं होतं. गाडी वर वळली.

झऱ्याच्या वर लगेच एक चढ आहे. कातळाचा चढ म्हणतात. तिथं बारा महिने पाणी रस्त्यावरनं वाहतं, वर शेवाळ, खाली चिखल, कडेला वाहून आलेली वाळू. दर वर्षी तिथं चाकं जागच्या जागी फिरतातच. पण दर वर्षी गाडीला चारही बाजूंनी माणसं चिकटलेली असतात, हळदीचे हात लावून. ढकलतोय असं कुणाच्या मनातसुद्धा नसतं. गाडी आपोआप चढते. आम्हाला वाटायचं, देवीच चढते.

यंदा गाडी चढावर आली. मागचं चाक चिखलात गेलं. घुंऽऽ करून फिरलं. थांबलं. परत फिरलं. चिखल उडाला आणि त्या काळ्याकुळकुळीत अंगावरनं पाण्यागत ओघळून गेला.

ढोल थांबले.

दौलतरावांनी गिअर टाकून बघितला. मागं घेतली, पुढं घेतली. चाक अजून खाली गेलं.

आम्ही सगळे उभे. दहा पावलांवर. एक माणूस पुढं सरकला नाही.

दौलतरावांनी काच खाली केली. “अरे, बघताय काय? धक्का मारा!”

कुणी हललं नाही. सगळ्यांनी बाबांकडं बघितलं. बाबा वाटेच्या कडेला एका दगडावर बसले होते. पाण्यात पाय सोडून.

“बाबांचा शब्द आहे,” कुणीतरी म्हणालं. “हात लावायचा न्हाई.”

आता मी खोटं कशाला बोलू? मला आत कुठंतरी बरं वाटलं. म्हटलं, घे! हात नको होते ना? पण तेवढ्यात माझं लक्ष मावळतीकडं गेलं. दिवस डोंगराला टेकायला आला होता. आणि गाडीत शेडग्यांची पाळी नाही, आमची देवी बसली होती. तेव्हा माझा जीव खाली-वर झाला.

दौलतराव उतरले. नवे बूट चिखलात. बाबांपुढं येऊन उभे राहिले.

“बाबा, सांगा ना त्यांना.”

“काय सांगू?”

“हात लावा म्हणून.”

“नको म्हणून तू सांगितलंस. मी नुसता निरोप्या.” बाबांनी पाय पाण्यातच हलवले. “तुझा शब्द तूच फिरव.”

…

दौलतराव वळले. समोर सगळा गाव. त्यांच्या वर्गात शिकलेले, त्यांच्याबरोबर विटीदांडू खेळलेले, त्यांच्या बापाच्या बैलगाडीला हात लावून चाललेले.

“या,” ते म्हणाले. मग अजून मोठ्यानं. “या की रं! चुकलं माझं. हात लावा!”

सांगायला नको, गाव धावलं. दौलतराव परत स्टिअरिंगवर बसले. पाचपन्नास माणसं गाडीमागं. मी पण पदर खोचून घुसले. हात हळदीनं भरलेले, चिखलानं ओले. “चांगभलं” म्हणून जोर केला…

आणि सगळ्यांचे हात सटकन वर घसरले!

माझी हनुवटी डिकीवर आपटली. शेजारचा माणूस माझ्या पाठीवर. कुणीतरी ओरडलं, “दौलतभाऊ, लोणी लावलंय का काय गाडीला?”

परत जोर केला. परत तेच. ती गोल पाठ, त्यावर आदल्या दिवशीचं ताजं मेण, त्यावर हळद. हात ठरेल तर शपथ. खाली हात घालावा तर बंपर चिखलात बुडालेला. बाजूनं धरावं तर धरायला काही नाही. गाडी बोटभर पुढं जायची आणि हात सुटले की वीतभर मागं.

दौलतरावांनी उतरून खिशातनं ते मऊ फडकं काढलं आणि डिकी पुसायला लागले. पुसली तशी ती अजूनच चकाकली.

“अहो, पुसताय काय!” मालनताई ओरडल्या. “देवीची वेळ चालली!”

वर देवळात घंटा वाजली. ती दिव्याची तयारी झाली याची घंटा. गुरवीण काडी घेऊन बसली असणार. ती कुणासाठी थांबत नाही, थांबायचा नेमच नाही.

“बाबा!” दौलतराव ओरडले. “काय करू?”

बाबांनी डोळे मिटले की काय, मला तिथनं दिसलं नाही.

मग दौलतरावांनी फडकं टाकलं. फेटा काढून फेकला. आमच्यात घुसले आणि स्वतःच डिकीला छाती लावली. जोर केला, बूट सरकले, आणि माणूस सपशेल पालथा पडला. दोन्ही हात झऱ्याच्या वाळूत.

कुणी हसलं नाही.

ते तसेच उठले. तसेच, वाळूच्या हातांनी, परत डिकीला भिडले. कर्र… असा आवाज आला.

आणि त्यांचे हात घसरले नाहीत.

ते थांबले. त्यांनी हात उचलून बघितला. तळव्याला वाळू चिकटलेली. जिथं हात होता तिथं पाच बोटांचे पांढरे ओरखडे, थेट रंगापर्यंत गेलेले.

दौलतराव त्या ओरखड्यांकडं बघत राहिले…

एवढे रविवार. एवढी सावली, एवढी फडकी. मी त्यांच्याजवळ होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. आणि मला त्या घडीला त्यांचा राग उरला नाही. माणसाचं कशावर तरी प्रेम असतं, ते चुकीचं असलं तरी तोडताना दुखतंच की.

मग ते खाली वाकले. दोन्ही मुठी भरून वाळू घेतली. डिकीवर टाकली. आणि घासायला लागले.

गोल गोल! जसं मेण लावायचे तसंच, गोल गोल. कर्र, कर्र, कर्र. आमच्या अंगावर शहारे आले. एकजण म्हणाला, “भाऊ, बास, बास!” पण ते थांबेनात. पाठभर घासलं. कडा घासल्या. परत वाळू घेतली, परत घासलं. काळ्या आरशाची पाटी झाली. पोरांनी पेन्सिलीनं गिरवलेली पाटी!

“मालन!” ते ओरडले. “तू बस स्टिअरिंगवर!”

मालनताई जागच्या जागी. “मी?”

“तुला येतं ना चालवायला?”

“येतं. पण ह्या गाडीला तुम्ही कधी…”

“बस म्हणतो ना! मी ढकलतो.”

मालनताई बसल्या. बांगड्या मागं सारल्या नाहीत की काही नाही, तशाच स्टिअरिंगवर आपटल्या. गाडी सुरू केली. मागनं धोंडू गुरव ओरडला, “वैनी, सावकाश! मांडीवर देवी हाय!” त्या म्हणाल्या, “देवी हाय म्हणूनच जोरात!”

आम्ही हात लावले. खरखरीत. हात बसला! असा बसला, घरच्या जात्याच्या खुंट्यावर बसावा तसा.

“डोंगराईच्या नावानं…”

“चांगभलं!”

गाडी हलली.

“डोंगराईच्या नावानं…”

“चांगभलं!”

चाक खड्ड्यातनं वर आलं. परत घसरायला लागलं, पण आता सोडतंय कोण? ज्यांना डिकी मिळाली नाही त्यांनी दारं धरली, खिडक्या धरल्या, बॉनेटच्या कडा धरल्या. दौलतराव स्वतः ओरडत होते, “धरा! कुठंही धरा! लागू द्या कडी!” सगळ्या आवाजात त्यांचा आवाज वर. सकाळपासनं दाबून ठेवलेला गावाचा गळा एकदम सुटला. ढोल आपोआप वाजायला लागले. वाजवणाऱ्यांनी एका हातानं ढोल वाजवला आणि दुसऱ्यानं गाडी ढकलली, माझ्या डोळ्यांनी बघितलं मी.

चढ संपला. तरी कुणी हात काढला नाही. गाडी आता आपल्या बळानं चालत होती, पण आम्ही तिला चिकटूनच. वाटेत ती म्हातारी नातवाच्या खांद्यावर बसलेली होती. दौलतराव धावत तिच्याकडं गेले. तिच्या दोन्ही हातांना हळद फासली आणि नातवाला म्हणाले, “पळ! गाडीच्या टपाला लाव त्यांचे हात!” नातू पळाला. म्हातारीनं टपावर दोन्ही हात असे दाबले की मागच्या जन्माचं कर्ज फिटलं असेल तिचं. हसत होती, एक दात होता तेवढा दाखवून.

देवळाच्या पायरीशी गाडी थांबली. गुरविणीनं काडी ओढली होती. पेटती काडी हातात.

“थांब गं!” धोंडू गुरव मुखवटा घेऊन पळाला. म्हातारा माणूस, तीन पायऱ्या एका उडीत!

मुखवटा जागेवर बसला. काडी वातीला लागली.

आधी मुखवटा. मग दिवा. सगळ्या गावानं बघितलं.

काय आरडाओरडा झाला! मी आयुष्यात एवढी ओरडले नसेन. मालनताई गाडीतनं उतरल्या, ओंजळभर हळद घेतली आणि दोन्ही हात उघडे करून बॉनेटवर ठेवले. कितीतरी वेळ तसेच ठेवले. दौलतराव त्यांच्याशेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या तोंडावर हळद, चिखल, घाम, सगळं एक झालेलं. ते रडत होते आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं.

“शेडग्यांची पाळी झाली गं मालन,” ते म्हणाले.

“झाली,” त्या म्हणाल्या. “झोकात झाली!”

पोरांनी दौलतरावांना खांद्यावर घेतलं. ते “अरे पडेन, पडेन” म्हणत होते आणि उतरायचं नाव घेत नव्हते.

सगळं शांत व्हायला लागलं तेव्हा बाबा वर आले. सावकाश, काठी टेकत. एवढा दंगा झाला तरी त्यांच्या चालण्यात फरक नाही. मी म्हटलं, “बाबा, बघितलंत का?”

“ऐकलं,” बाबा म्हणाले.

ते गाडीजवळ गेले. तिला एक फेरी मारली. माणसाच्या तोंडाएवढी जागा रिकामी राहिली नव्हती. हात आणि हात, पिवळे. मोठे, लहान, वाकड्या बोटांचे, बांगड्यांच्या रेघांसकट.

दौलतराव आले. बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. उठले.

“बाबा… मठापर्यंत सोडतो. चला.”

“चल.”

दौलतरावांनी मागचं दार उघडलं. आतली चादर ओढून बाहेर टाकली. “या, बाबा. इथं बसा.”

पण बाबा दाराकडं गेलेच नाहीत. ते गाडीच्या मागं गेले. काठी माझ्या हातात दिली. एक पाय बंपरवर ठेवला, आणि या वयात, धोतर सावरत, डिकीवर चढून बसले. मांडी घातली. वाळूनं घासलेल्या त्या खरखरीत पाठीवर हात टेकले.

“बाबा!” मालनताई घाबरल्या. “अहो, उतार आहे पुढं!”

“बाबा, आत या,” दौलतराव हात जोडून म्हणाले. “तिथं घसराल.”

बाबांनी मागं वळून बघितलं.

“आता कशाला घसरतोय?” ते म्हणाले. “घे गाडी.”